शारंगधराच्या मूर्तीकडे कसं पाहायचं?

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘भारतीय कला : सांस्कृतिक आणि धार्मिक अधिष्ठान’ असा छापला आहे. विषय भारदस्त आहे, आणि असल्या विषयावर बोलताना वक्त्याची गाडी हडप्पापासून निघून थेट राजा रविवर्म्यापाशी थांबते. तोवर निम्मे श्रोते घरी पोचलेले असतात. आम्ही तसं करणार नाही. मेहकरात बसून भारतीय कलेवर बोलायचं असेल तर दूर जाण्याची गरजच नाही. ज्या मूर्तीला आपण बालाजी म्हणतो, शारंगधर म्हणतो, तिच्यापासूनच सुरुवात करू. तिच्याकडे नीट पाहता आलं तर वेरूळही कळेल आणि खजुराहोही.

मूर्ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. काळ्या, तुकतुकीत पाषाणाची, चतुर्भुज, उभी. पीठ-प्रभावळीसह उंची अकरा फुटांची सांगतात. १८८८ साली ती इथल्या जमिनीतून वर आली. म्हणजे कित्येक पिढ्यांनी ती पाहिलीच नव्हती. ज्यांच्या पायाखाली ती होती ती माणसं तिच्यावरून चालत होती, शेतीभाती करत होती, लग्नं लावत होती. आणि एक दिवस माती बाजूला झाली.

आता इथे थांबा. त्या दिवशी मातीतून जे निघालं ते नेमकं काय होतं? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे प्रश्न विचारण्याची खोड आहे, पण हा प्रश्न निव्वळ वर्गातला नाही. त्या दिवशी त्याची तीन उत्तरं प्रत्यक्षात हजर होती. इंग्रज सरकारचं उत्तर कायद्यात लिहिलेलं होतं. १८७८ साली भूमिगत धनाचा कायदा झाला होता. त्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायची. म्हणजे मूर्ती हे ‘सापडलेलं धन’. दुसरं उत्तर पुराणवस्तुसंशोधकाचं : हा जुन्या शिल्पकलेचा नमुना आहे, त्याची जागा संग्रहालयात. नागपूरला अजब बंगला १८६३ पासून होताच. आणि तिसरं उत्तर गावाचं : देव आलाय. गावात आजही सांगतात, की सरकारी अंमलदार मूर्ती हलवतील, विलायतेला नेतील, अशी कुणकुण लागताच लोकांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठा करून घेतली. एकदा प्रतिष्ठा झाली की ती धन राहत नाही आणि नमुनाही राहत नाही. तिला भूक लागते, झोप लागते, थंडी वाजते. तिला उचलायचं म्हणजे देवाला उचलायचं. इंग्रज अंमलदार कितीही कडक असला तरी १८५७ नंतर असल्या भानगडीत हात घालताना दहा वेळा विचार करत असे.

याच्या अगदी उलट गोष्ट १९१७ साली पाटण्याजवळ दीदारगंजला घडली. गंगेच्या काठी एक दगड अर्धा उघडा पडला होता, तो खणून काढला तर चवरी धरलेली एक स्त्री निघाली. आरशासारखी झिलई, भरदार देह. लोकांनी तिला आडोसा केला, पूजा सुरू झाली. सरकारी बाजूने युक्तिवाद असा झाला, की हिच्या हातात चवरी आहे म्हणजे ही सेविका, देवता नव्हे, म्हणून हिची पूजा होऊ शकत नाही. आणि ती संग्रहालयात गेली. आज ती ‘दीदारगंजची यक्षी’ म्हणून जगप्रसिद्ध आहे, पाठ्यपुस्तकात तिचं चित्र असतं. युक्तिवाद कसा होता बघा : मूर्तीच्या हातात काय आहे यावर ती देव की वस्तू हे ठरलं. मेहकरच्या मूर्तीच्या हातात चवरी असती तर आज तुम्हाला दर्शनाला तिकीट काढून जावं लागलं असतं.

तर हातात काय आहे, हे पाहणं महत्त्वाचं. आपण दर्शन घेतो, पण पाहत नाही. नमस्कार करताना डोळे मिटतो, तेव्हा पाहणार कसं? (हशा) म्हणून एक छोटीशी रीत सांगतो. विष्णूच्या चतुर्भुज उभ्या मूर्तीच्या हातात शंख, चक्र, गदा, पद्म अशा चार वस्तू. चार हातांत चार वस्तू किती प्रकारे ठेवता येतील? गणिताच्या मुलांनी सांगावं : चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस. आणि आपल्या शिल्पशास्त्राने हे चोवीसही क्रम मोजून प्रत्येकाला नाव दिलं आहे. केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम... संध्येच्या आरंभी जी चोवीस नावं म्हणतात, तीच. घरातली म्हातारी माणसं आचमन करताना जी नावं भराभर पुटपुटत होती, ती कोण्या एका शिल्पकारासाठी मूर्तींची यादी होती!

वाचायची रीत अशी. मूर्तीचा खालचा उजवा हात आधी. मूर्तीचा उजवा, आपला नव्हे. तिथून वरचा उजवा, मग वरचा डावा, मग खालचा डावा. प्रदक्षिणेच्या क्रमाने. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आले तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आले तर त्रिविक्रम. ग्रंथाग्रंथांत काही फरक आहेत, मेवाडच्या मंडन सूत्रधाराने पंधराव्या शतकात ‘रूपमंडन’ लिहिलं त्यातली यादी अग्निपुराणाशी प्रत्येक ठिकाणी जुळेलच असं नाही, पण रीत हीच. आता आमच्या शारंगधराच्या हातातला क्रम कोणता, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. उद्या सकाळी जा, डोळे उघडे ठेवून दर्शन घ्या आणि स्वतः ओळखा. पुजाऱ्यांना त्रास देऊ नका, गर्दी असली तर बाजूला उभं राहून पाहा.

गंमत पुढे आहे. त्या चोवीस नावांत ‘शारंगधर’ नाही आणि ‘बालाजी’ तर नाहीच. शार्ङ्ग म्हणजे विष्णूचं धनुष्य. ते ज्याच्या हाती तो शार्ङ्गधर, आपल्या तोंडी शारंगधर. इथल्या मूर्तीच्या चार हातांत धनुष्य कुठे आहे? मग हे नाव आलं कुठून? ते स्थळाच्या कथेतून आलं. मेघंकर नावाचा असुर माजला, विष्णूने शार्ङ्गधर होऊन त्याला मारलं, आणि त्या मेघंकरावरून गावाचं नाव मेहकर झालं. आणि बालाजी हे नाव लोकांच्या प्रेमाचं. तिरुपतीचा व्यंकटेश पाहिलात तर त्याच्या वरच्या दोन हातांत चक्र आणि शंख, खालचा उजवा हात वर देणारा आणि डावा कमरेपाशी. मूर्तिशास्त्राच्या हिशेबाने तो वेगळा प्रकार. पण आपल्या भागात विष्णूची उभी, काळी, देखणी मूर्ती दिसली की माणसाच्या तोंडून ‘बालाजी’ निघतं. देऊळगाव राजाचा बालाजी जाधवरावांच्या घराण्याशी जोडलेला. वाशीमच्या बालाजीचं मंदिर अठराव्या शतकात भोसल्यांच्या कारभारी भवानी काळूंनी बांधलं, आणि तिथली मूर्तीसुद्धा जमिनीत पुरलेली होती, अचानक सापडली, अशीच कथा आहे. वऱ्हाडच्या मातीत देव पेरलेले आहेत असं वाटावं, इतक्या वेळा हे घडलं आहे. मेहकरच्या नृसिंहाचीही आठवण इथे तुम्हाला झाली असेलच.

म्हणजे एकाच दगडाला तीन नावं. शास्त्राचं एक, स्थळाचं एक, लोकांचं एक. यातलं खरं कोणतं, असं विचारू नका. भारतीय कलेचं मूळ ज्याला आम्ही म्हणतो ते या तीन थरांत आहे, आणि तिन्ही थर एकाच वेळी जिवंत आहेत. नुसतं शास्त्र वाचून मूर्ती कळत नाही आणि नुसती कथा ऐकूनही नाही.

कथेचं बघा. इथून लोणार जवळ. पूर्वी लोणार मेहकर तालुक्यातच होतं. तिथे दैत्यसूदन. तो कोण? लवणासुराला मारणारा विष्णू. असुर जमिनीखाली लपला होता, देवाने वरचं झाकण उडवलं, आणि त्या खळग्याचं सरोवर झालं. आज आपल्याला माहीत आहे की जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्कापाताने झालं. पण ज्याने ही कथा रचली त्याला एक गोष्ट बरोबर दिसली होती : हा खड्डा साधा नाही, इथे वरून काहीतरी प्रचंड घडलं आहे. दैत्यसूदनाच्या मंदिराच्या आत गेलात तर मान वर करा. छतावर नृसिंह हिरण्यकशिपूला फाडतो आहे. देवळाच्या नावातच दैत्यवध, छतातही दैत्यवध. कथा, मूर्ती आणि वास्तू एकमेकांत कशा विणलेल्या असतात याचं याहून सोपं उदाहरण महाराष्ट्रात आम्हाला सापडलेलं नाही. आणि हे शेजारच्या गावात आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी खजुराहो पाहून आलेले पुष्कळ, लोणारचं छत पाहिलेले बोटावर मोजण्याइतके.

असलं देऊळ दिसलं की आपण म्हणतो हेमाडपंती. चुना न वापरता दगडात दगड बसवलेलं काम म्हणजे हेमाडपंती, असं शाळेपासून ऐकलेलं असतं. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्यातली पुष्कळ देवळं त्याच्या जन्माआधीची आहेत. तेव्हा हे नाव लोकांनी दिलेलं बिरुद समजावं. पण हेमाद्रीचं कलेशी खरं नातं आहे, आणि ते वेगळंच आहे. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या अवाढव्य ग्रंथात व्रतखंड आहे, आणि त्या व्रतखंडात देवतांच्या मूर्ती कशा असाव्यात याची लक्षणं जुन्या ग्रंथांतून काढून एकत्र केली आहेत. व्रताच्या पुस्तकात मूर्तिशास्त्र का? कारण व्रत करायचं तर मूर्ती लागते, मूर्ती घडवायची तर तिचं रूप माहीत हवं. इथे कला ही पूजेच्या सामानाच्या यादीत येते. गूळ, खोबरं, हळद, कुंकू आणि मूर्ती. हे ऐकून कोणा कलाप्रेमी माणसाला कमीपणा वाटेल. आम्हाला त्यात तिचा मोठेपणा दिसतो.

मुळात ‘कला’ हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो तो अलीकडचा. चौसष्ट कलांत गाणं आहे, चित्र आहे, तसंच हार गुंफणं आहे, स्वयंपाकही आहे. ललित कला वेगळ्या, उपयोगाच्या वेगळ्या, अशी भिंत आपल्याकडे नव्हती.

आता शिल्पकार दगडापुढे बसला आहे. त्याच्या हाताशी काय आहे? ताल आणि अंगुळ. हे जरा समजून घेऊ, कारण अकरा फुटांची मूर्ती डोंगरासारखी अंगावर न येता प्रसन्न का वाटते, याचं उत्तर यात आहे. बारा अंगुळांचा एक ताल. ताल म्हणजे साधारण चेहऱ्याची लांबी. मुख्य म्हणजे हे अंगुळ शिल्पकाराच्या बोटाचं नसतं, बाजारातल्या मोजपट्टीवरचंही नसतं. मूर्तीची उंची जितकी ठरवली तिचे ठराविक भाग करायचे, तो एक भाग म्हणजे त्या मूर्तीचं अंगुळ. समजा नऊ फुटांची मूर्ती नवतालात घडवायची. नऊ ताल म्हणजे १०८ अंगुळं. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. तर या मूर्तीचं अंगुळ एक इंचाचं, आणि चेहरा एक फुटाचा. हीच मूर्ती देव्हाऱ्यात ठेवायची नऊ इंचांची केली तर चेहरा एक इंचाचा. प्रमाण तेच. मूर्ती स्वतःचं माप स्वतःबरोबर घेऊन जन्माला येते. मोठ्या देवांना काही ग्रंथ दशताल सांगतात, उत्तम दशतालात १२४ अंगुळं. गणपतीला पंचताल, म्हणून तो गुटगुटीत बाळासारखा दिसतो. यातलं काहीही शिल्पकाराच्या लहरीवर नाही.

मग कोणीही विचारेल, सगळं ठरलेलंच असेल तर त्यात प्रतिभा कुठे राहिली? रागाचे स्वर ठरलेले असतात म्हणून दोन गवयांचा यमन सारखा होतो का? तेच इथे. ओठाची कड किती वळवायची, पापणी किती खाली आणायची, हे ग्रंथ सांगू शकत नाही. मापं पाळून निर्जीव राहिलेल्या मूर्ती आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. अलीकडे यंत्रावर कोरून मिळणाऱ्या संगमरवरी मूर्ती पाहा. मापात चूक नाही, पण चेहऱ्यावर कोणीच राहत नाही.

‘विष्णुधर्मोत्तर’ नावाचा ग्रंथ आहे, त्याच्या तिसऱ्या खंडात वज्र नावाचा राजा मार्कंडेय ऋषींकडे जातो आणि मूर्ती कशी घडवावी ते विचारतो. ऋषी सांगतात, आधी चित्र शीक. चित्रासाठी नृत्य समजलं पाहिजे. नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. म्हणजे एका मूर्तीसाठी राजाला गाण्यापासून सुरुवात करावी लागते. हा संवाद हल्ली कलेवरच्या प्रत्येक भाषणात येतो. पण पुढचा प्रश्न फारसा कोणी सांगत नाही, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तोच महत्त्वाचा वाटतो. राजा विचारतो : परमात्म्याला तर रूप नाही, गंध नाही, स्पर्श नाही. मग त्याची मूर्ती करायचीच कशी? मार्कंडेयांचं उत्तर असं, की त्याच्या दोन अवस्था आहेत, प्रकृती आणि विकृती. मूळ अवस्थेत त्याला रूप नाही, हे खरं. पण हे सगळं दिसणारं जग हीच त्याची विकृती, त्याचं झालेलं रूप. आणि देह असलेल्या माणसाला न दिसणाऱ्याकडे जाणं फार जड जातं, म्हणून दिसणाऱ्या रूपाने पूजा.

या उत्तरात मूर्ती देवासारखी दिसते असा दावा कुठेच नाही. आपल्या कलेवर इंग्रजांच्या काळात आक्षेप होता की यांना शरीररचना कळत नाही, चार हात काय, सोंड काय. ज्याला रूपच नाही त्याचं हुबेहूब चित्र काढायचं नव्हतंच. चार हात हे चार वस्तू धरायला आहेत. ते वाचायचं असतं.

सगळ्यांनाच हे उत्तर पटलं होतं असं समजू नका. आपली परंपरा एका सुराची कधीच नव्हती. मीमांसकांनी तर देवतेला शरीर असतं हेच नाकारलं. शबरस्वामींचा युक्तिवाद रोखठोक आहे : देवता नैवेद्य खात नाही. खात असती तर तो कमी झाला असता. देवाचं शेत, देवाचं गाव असं आपण म्हणतो ते बोलण्याची एक पद्धत म्हणून. देवता त्या शेताची मालक होऊ शकत नाही, कारण ती ते वापरत नाही. हे सगळं यज्ञावर प्राणापलीकडे श्रद्धा असलेला माणूस म्हणतोय! वेदान्त्यांनी पुढे याचा प्रतिवाद केला, तो वाद फार रंगतदार आहे, आज वेळ नाही.

पण शबरस्वामींना जे अशक्य वाटलं ते आधुनिक न्यायालयांनी मान्य केलं. कलकत्त्याच्या एका मलिक घराण्यात कुलदैवतावरून भांडण झालं, ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. तिथे १९२५ साली मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीचा दर्जा आहे हे मान्य झालं, तिच्या हिताचा वेगळा विचार व्हावा असं ठरलं. त्याहून विलक्षण कथा तामिळनाडूच्या पाथूर गावची. १९७६ साली एका मजुराला पडक्या शिवमंदिराच्या जागी कांस्याचा नटराज सापडला. तो हातोहात विकला गेला, लंडनला पोचला, तिथे पोलिसांनी जप्त केला. खटला उभा राहिला. एका बाजूला विकत घेणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला भारत सरकार, तामिळनाडू सरकार, आणि स्वतः ते पडकं मंदिर! पूजा शेकडो वर्षं बंद, भिंती ढासळलेल्या, तरी त्या मंदिराला वादी होता येतं असं इंग्लंडच्या न्यायालयाने मानलं. १९९१ साली अपिलाचा निकाल लागला आणि नटराज परत आला. तज्ज्ञांनी साक्षीत काय तपासलं असेल? घडण, धातू, आणि मूर्तीवर साचलेली माती, तिच्यावर वाळव्यांनी ठेवलेल्या खुणा. म्हणजे देवाची ओळख पटवायला शेवटी मातीच कामी आली.

मेहकरच्या लोकांनी १८८८ साली जे केलं ते याच्या शंभर वर्षं आधीचं. वकील न लावता. वस्तूचा देव करून टाकला आणि प्रश्न निकालात काढला. ही हुशारी होती की श्रद्धा, असं आम्हाला मागे एकाने विचारलं होतं. दोन्ही एकत्र राहू शकतात.

‘देव करून टाकला’ म्हणजे काय केलं, तेही पाहू. प्रतिष्ठेच्या विधीत मूर्ती पाण्यात ठेवतात, धान्यात ठेवतात, शय्येवर निजवतात. शेवटी नेत्रोन्मीलन. सोन्याच्या शलाकेने डोळे उघडल्याचा संस्कार करतात. तोपर्यंत दगड आपल्यासमोर असतो. डोळे उघडल्यावर आपण त्याच्यासमोर असतो. दर्शन घेणं हा शब्द नीट ऐका. पाहायला जातो म्हणत नाही आपण. आपण पाहणं आणि त्याने आपल्याकडे पाहणं, दोन्ही त्यात आहे. संग्रहालयात फक्त एकच बाजू चालते.

प्रतिष्ठा झाली की मूर्तीला वस्त्र आलं, अलंकार आले, चंदन आलं. आता विचार करा. शिल्पकाराने कटिसूत्राची एकेक लड कोरलेली असते, पायांतल्या वाळ्यांचे मणी मोजता येतील असे असतात, अशा मूर्तींच्या प्रभावळीत बहुधा दशावतार बारीक हाताने काढलेले असतात. आणि मग वर्षातले बहुतेक दिवस त्यावर पीतांबर! भक्ताला दिसतो चेहरा आणि पाय. मग ते कोरीवकाम कोणासाठी? पाश्चात्त्य रसिकाला हा घोर अपव्यय वाटतो. अभिषेकाच्या वेळी पुजारी पाहतो, एवढंच. पण शिल्पकाराने ते आपल्यासाठी कोरलंच नव्हतं. आणि त्याने सहीसुद्धा केली नाही. आमच्या एका मित्राचं म्हणणं, सही न करणं हा विनय. आम्हाला ते तितकंसं पटत नाही. त्या कारागिरांना सही करण्याची मुभा, मान, पैसा किती होता, हा प्रश्नही विचारला पाहिजे. काही देवळांत शिल्पकारांची नावं कोरलेली सापडतात, कर्नाटकात होयसळांच्या देवळांत तर पुष्कळ. तेव्हा नाव नसण्याचं सगळं श्रेय अध्यात्माला देऊन मोकळं होऊ नये.

टिकण्याचा मुद्दाही असाच. दगडाची मूर्ती पाहून वाटतं की आपल्या कलेला अमरत्वाचा सोस आहे. पण घरी काय करतो? महालक्ष्म्या बसवतो. मुखवटे वर्षभर डब्यात, तीन दिवस घरात माहेरवाशिणी, तिसऱ्या दिवशी हलवल्या की परत डब्यात. भुलाबाई बसते, मुली गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात, कोजागिरीला संपतं. पोळ्याला मातीचे बैल. गणपती पार्थिव, म्हणजे मातीचाच हवा, आणि विरघळलाच पाहिजे. आवाहन आहे तसं विसर्जन आहे. मातीत येणं आणि मातीत जाणं या कलेला नवं नाही. म्हणून शारंगधर इतकी वर्षं मातीत होता, याचं गावाला दुःख झालं असेल, पण आश्चर्य फारसं वाटलं नसावं.

वऱ्हाडातच जन्मलेली आणखी एक दृष्टी सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत, लीळाचरित्रात, लोणार येतं आणि आपलं मेहकरही येतं. महानुभाव पंथाने मूर्तिपूजा मानली नाही. पण स्वामी जिथे बसले ती जागा, तिथला ओटा, त्यांचा स्पर्श झालेला दगड, हे नमस्काराचं स्थान झालं. तिथे डोळे, हात, आयुधं काही नाही. रूप नाही, संबंध आहे. आणि आमच्याच काळाच्या जरा आधी गाडगेबाबा. देवळात जाऊन देव दिसतो का, असं भर कीर्तनात विचारणारे, आणि देवळाऐवजी धर्मशाळा बांधणारे. मूर्तीच्या बाजूने बोलताना या दोघांना विसरून चालणार नाही. मूर्ती घडवणाऱ्या आणि मूर्ती नाकारणाऱ्या दोघांनीही इथल्या माणसाची नजर घडवली आहे.

तसंच अजिंठा. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, पाचव्या शतकातला. अजिंठ्याचं सोळावं लेणं या वराहदेवाने कोरवून बौद्ध संघाला दिलं, तसा लेख तिथे आहे. आणि घटोत्कच लेण्यातला लेख सांगतो की हे घराणं ब्राह्मणाचं. ‘हिंदू कला’, ‘बौद्ध कला’ असे कप्पे पुस्तकं सोयीसाठी करतात. दान देणारा आपला, कोरणारे हातही बहुधा तेच. सोळाव्या लेण्यावर स्वतंत्र बोलायचं आहे, पुढच्या वेळी.

धर्मशाळेचा विषय निघालाच आहे तर गावातल्या जुन्या धर्मशाळेबद्दल बोललं पाहिजे. मधे चौक, भोवती खांबांच्या ओवऱ्या. हेन्री कझेन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर मोठा ग्रंथ केला, तो १९३१ साली निघाला, त्यात लोणारबरोबर मेहकरचीही दखल आहे. तिथे प्रतिष्ठित देव नाही. त्यामुळे तिला वस्त्र नाही, नैवेद्य नाही, आणि खरं बोलायचं तर वालीही नाही. प्रतिष्ठेने शारंगधराला वाचवलं, याच न्यायाने जे दगड देव नव्हते ते उघड्यावर राहिले. इथे श्रद्धा कमी पडते आणि नमुना म्हणणारा तो संशोधक कामाचा ठरतो. दोघांचं भांडण लावण्यात आम्हाला रस नाही. पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या खांबांना ऑइलपेंट फासणं, कोरलेल्या छताखाली पीओपी मारणं, गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स लावणं, हे ना शास्त्रात बसतं ना श्रद्धेत. वर्गणी जमली की पहिला हात रंगाच्या डब्याकडे जातो, तो थांबवा.

एक चिठ्ठी आली आहे, तेवढी वाचून थांबतो. विचारलंय : आमच्या शेताच्या बांधावर पिंपळाखाली तुटलेल्या मूर्ती पडल्या आहेत, खंडित मूर्ती ठेवू नये म्हणून नदीत सोडाव्यात का?

नको. पैनगंगेत आधीच पुष्कळ देव आहेत. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असा संकेत आहे, तो प्रतिष्ठित मूर्तीसाठी, देव्हाऱ्यासाठी. बांधावरचा दगड तुमच्या आजोबांच्या आधीपासून तिथे आहे. कदाचित तो वीरगळ असेल, म्हणजे कोणीतरी गावासाठी, गुरांसाठी मेलेला माणूस. एखादी सतीशिळा असेल. आधी धुऊ नका, घासू नका, शेंदूर लावला असेल तर खरवडू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना मोबाइलवर फोटो काढा, तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, शेजारी एक पट्टी किंवा वीतभर काठी ठेवून, म्हणजे आकार कळेल. शेताचा गट नंबर लिहून ठेवा, आणि तहसीलमधून पुरातत्त्व खात्याकडे अर्ज द्या, त्याची पोच घ्या. दगड हलवू नका, कारण तो कुठे पडला आहे हीसुद्धा माहितीच आहे. आणि ते फोटो आम्हाला दाखवायला आणा, आयोजकांकडे दिलेत तरी चालेल. पुढच्या व्याख्यानाला आम्ही तासभर आधी येऊन बसू.